फेसमधली हळदीची पेवं

माझ्या जिवाभावाच्या दोस्तानं मला दगा दिला तो पुण्याला डोळ्याचं ऑपरेशन करायला जातो असं सांगून. गेला मात्र आफ्रिकेत. रहिमतपूरहून पुण्याला जाणारा माणूस फार तर शिरवळला चहाला उतरतो. हा उतरला थेट मोरोक्कोत.

बरं, डोळ्याचं नाव काढल्यावर मी काय केलं असेल? मळ्यातली गाजरं उपटली. एक दिवस नाही, आठ दिवस. पुण्याला धाडायला म्हणून रोज सकाळी पिशवीभर गाजरं त्याच्या दारात नेऊन ठेवायचो. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पिशवी घेताना माझ्याकडं बघायच्या नाहीत. मला वाटायचं, बाईला काळजी लागलीय. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "भावजी, आता गाजरं नगा आणू. म्हशीनंसुदिक तोंड फिरवलंय." तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी इकडं त्या माणसाच्या डोळ्यांसाठी अर्धा मळा उकरला, आणि तो तिकडं त्याच डोळ्यांनी फेस शहर बघत हिंडत होता!

कळलं ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. रोज पहाटे तिथं चाळीस-पन्नास लोक एकमेकांना फुलांचे फोटो पाठवून शुभ सकाळ करतात. त्या फुलांच्या गर्दीत एक निळा दरवाजा आला. कमानीचा, नक्षीचा, आभाळाला टेकलेला. खाली आमचा गडी उभा. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर, आणि डोळ्यांवर पट्टी नाही, काळा गॉगल. त्याला तिकडं घेऊन गेलेल्या त्याच्या दुबईच्या जावयानं स्टेटसला टाकलेला फोटो कुणीतरी उचलून गावात आणला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, "मेजर, तुमचा दरवाजा!"

मेजर म्हणजे मी. पलटणीतून मी नाईक म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडं फौजेतून आलेल्या माणसाला गावच बढती देतं. मी दरवाजाकडं बघितलं आणि खाटेवर बसलो. बसलो म्हणजे असा बसलो की खाटेच्या दोन पट्ट्या तुटल्या.

आता हा दरवाजा माझा कसा, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, दोस्त परदेशी गेला तर एवढं काय झालं.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं शांतीसेनेच्या ड्यूटीवर आफ्रिकेत होतो. तो ड्रायव्हर, मी गार्डाला. तेरा महिने आम्ही एका गोदामाची राखण केली. गोदामात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेर वाळू होती आणि माश्या होत्या. माश्या अशा की जांभई द्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. परत येताना विमान मोरोक्कोत बिघडलं आणि आम्हाला विमानतळाशेजारच्या एका लांबलचक शेडमध्ये चार दिवस ठेवलं. बाहेर पाऊल टाकायची बंदी. फाटकावरच्या शिपायाच्या मिशा एवढ्या की चिमण्यांनी त्यात दोन पिढ्या काढल्या असत्या.

त्या शेडच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. बारा महिन्यांची बारा चित्रं, सगळी एकाच शहराची. तिथला आचारी त्याच गावचा असावा. तो चित्रावर बोट ठेवायचा, "फेस, फेस" म्हणायचा आणि स्वतःच्या बोटांचा मुका घ्यायचा. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. चार दिवस आम्ही दोघांनी ते कॅलेंडर जानेवारी ते डिसेंबर वाचलं, मग उलटं वाचलं. झालं. माझं स्थलदर्शन एवढंच. फेस शहर मी पाहिलेलं नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

गावात आलो त्या संध्याकाळी टपरीवर सगळे गोळा झाले. "मेजर, आफ्रिकेत काय बघितलं?" तेरा महिन्यांचं खरं उत्तर होतं, गोदामाचं कुलूप. ते सांगायला जीभ वळेना. समोर एवढी माणसं तोंड उघडून बसलेली, मलाच लाज वाटली. म्हटलं, "फेस." आणि सुटलो.

जानेवारीपासून सुरुवात केली. दरवाजा एवढा उंच की पावसाळ्यात ढग कमानीत अडकतात, मग बांबू घेतलेली माणसं ते ढकलून पलीकडं पाठवतात. फेब्रुवारीत गल्ल्या. एवढ्या अरुंद की नवरा-नवरीला शेजारी शेजारी चालता येत नाही, म्हणून तिथं नवऱ्याआधी बायको घरी पोचते आणि तो येईपर्यंत भांडण तयार ठेवते. एप्रिलमध्ये एक कोरीव लाकडाचं कारंजं होतं. मी सांगितलं, त्याचं पाणी प्यालं की माणूस तीन दिवस खोटं बोलू शकत नाही, म्हणून पुढारी तिथं फिरकत नाहीत.

आणि प्रत्येक वाक्याला माझ्या शेजारून आवाज यायचा, "व्हय."

पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी असतो, तसा तो माझ्या मागं होता. कमी बोलणारा, सरळ, गावात ज्याचा शब्द शेतसारा भरल्याच्या पावतीसारखा पक्का मानतात असा माणूस. माझी थाप लंगडत निघायची, त्याच्या एका "व्हय"नं ती घोड्यावर बसायची.

ऑगस्टच्या चित्रानं मात्र मला मोठं केलं. त्यात वरून काढलेला फोटो होता. जमिनीत शेकडो गोल खड्डे, एकाला एक लागून. कुठं पिवळे, कुठं लाल, कुठं पांढरे, आणि त्यात गुडघाभर उतरलेली माणसं. मी म्हटलं, पेवं! दुसरं काय म्हणणार? मी हळदीच्या घरातला. लहानपणी बापाबरोबर सांगलीच्या बाजारात हळद घेऊन जायचो तेव्हा हरिपूरची पेवं पाहिली होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान, पोट मोठं, आत वर्षानुवर्षं हळद टिकते. तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतल्या हवेनं माणूस गुदमरतो. शेडमध्ये मी त्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "गड्या, हे काय असंल?" तो बराच वेळ बघून म्हणाला, "पेवंच की." म्हणजे हे खोटं नव्हतं हो. ही आमची दोघांची प्रामाणिक समजूत होती. तिच्यावर मजले मी चढवले, एवढंच.

मजले कसे, तर मी त्या पेवांच्या काठावर उभा राहिलो, तिथल्या माणसांना म्हटलं, बाबांनो, थेट उतरू नका, आधी कंदील सोडा, कंदील विझला तर थांबा. ते बघून फेसचे सगळे हळद-व्यापारी माझ्या पाया पडले आणि मला एक पेव बक्षीस दिलं. ते अजून माझ्या नावावर आहे. "व्हय," तो म्हणाला. ही गोष्ट आमच्या टपरीवरून सांगलीच्या बाजारात गेली. तिथं मला बसायला खुर्ची मिळू लागली. "मेजर, फेसच्या पेवांचं होऊ द्या," असं म्हणत माणसं चहा मागवत. मोबाईल आले तेव्हा वाटलं, आता पकडलो. पण कुणी शोधून बघितलं तरी काय दिसायचं? तेच गोल खड्डे, तेच रंग, खालचं इंग्रजी कोण वाचतंय! मोबाईलनं माझ्याच बाजूनं साक्ष दिली.

आम्ही दोघं एकटे असलो की फेसबद्दल वेगळं बोलायचो. हळू. एकदा कॅनॉलच्या कडेला बसलो असताना मी म्हटलं, "आपण खरंच जाऊ रं एकदा. बघू तरी कसं हाय." तो म्हणाला, "जाऊ. दोघंच जाऊ." पासपोर्ट काढले. मुदत संपली, परत काढले. कधी माझा गुडघा, कधी त्याच्या लेकीचं लग्न, कधी ऊसतोड. दर हिवाळ्यात आम्ही म्हणायचो, पुढच्या साली. पेटीतला पासपोर्ट मी अधूनमधून बाहेर काढून ऊन दाखवायचो. जगात एवढा न वापरलेला पासपोर्ट दुसरा नसेल. सगळ्या गावाला वाटायचं मी फेस पाहून आलोय. फक्त एकाच माणसाला माहीत होतं की मला ते बघायचंय. आणि तोच न सांगता गेला.

तो परत आल्यावर मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी चहावाल्यानंच निरोप धाडला, "मेजर, चला, दोन फेसवाले एका बाकड्यावर बसू द्या." न जाणं म्हणजे कबुली देणं. गेलो. तो बसला होता, हातात मोबाईल, भोवती दहा-बारा जण. मला बघून सरकला, जागा केली. मी समोरच्या बाकड्यावर बसलो.

"डोळं कसं हायत?" मी विचारलं.

"बरं हायत," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"गाजरं लागू पडली म्हणायची."

सगळे हसले. तो हसला नाही.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. बावीस वर्षांत मी त्याला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि तो बोलत होता! अडखळत, पण बोलत होता. म्हणाला, जुन्या शहरात एकबी गाडी न्हाई, सगळा माल गाढवांवर. गाढववाला मागनं 'बालक, बालक' वरडत येतो, म्हंजी बाजूला व्हा.

"तुला बालक म्हणला व्हय?" एकजण म्हणाला. "लय म्हातारं बालक हाय गड्या!"

मग म्हणाला, एका भिंतीवर पाण्यावर चालणारं घड्याळ हाय. तेरा खिडक्या, खाली पितळी वाट्या. पण ते चालायचं कसं, हे आता त्या शहरात कुणालाच सांगता येत न्हाई. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. घड्याळ आहे आणि कसं चालतं ते माहीत नाही? असलं कुठं असतं? मी सांगितलं असतं की खिडकीतून दर तासाला एक राजा बाहेर येऊन शिंकतो, तर त्यांनी माना डोलावल्या असत्या. मीही ऐकत होतो. रागानं अंग पेटलं होतं, पण कान त्याच्याकडंच होते. त्या वाट्यांत पाणी कसं पडत असेल, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं.

आणि मग त्यानं मोबाईलवर ऑगस्ट काढला.

"पेवं!" चार जण एकदम ओरडले. "मेजर, तुमची पेवं!"

"पेवं न्हाईत ती," तो म्हणाला. "कातडी कमवायची कुंडं हायत. गाईची, बकऱ्याची कातडी. आधी चुन्यात, मग कबुतराच्या विष्ठेत भिजवत्यात, मऊ पडाय. वास असा की वरच्या दुकानात शिरताना हातात पुदिन्याची काडी देत्यात, नाकाला लावाय."

 मग टपरीचा पत्रा उडेल असं हसू.

"कबुतराच्या!"

"आणि पुदिना! चटणी करायला दिला असंल, ह्यानं नाकात घातला!"

आमच्या शेजारगल्लीत आलेले आटपाडीचे एक पाहुणे टपरीवर बसले होते, डाळिंबाचे बागायतदार. त्यांनी मोबाईलवर बोट ठेवलं. "आवं, मग हे पिवळं काय? हळदच की ही."

"न्हाई पाव्हणं. डाळिंबाच्या सालीचा रंग लावत्यात म्हणं पिवळ्याला."

"आमच्या आटपाडीला डाळिंबाच्या साली ढिगानं पडत्यात," पाहुणे म्हणाले. "आजवर कोण पिवळं झालं न्हाई. कावीळ झालेला सोडून."

आता तो घामाघूम झाला होता. आयुष्यात प्रथमच त्याच्या शब्दाला लोक हसत होते. ज्याच्या नुसत्या होकारावर गावानं ढग ढकलणारी माणसं खरी मानली, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं कुणी मानेना. चहावाल्यानं गाळणं कपावर आपटलं आणि माझ्याकडं वळला.

"भांडाय कशाला पायजे? मेजर हायत की. मेजर, तुमी काठावर उभं हुता. कातडं का हळद?"

सगळी टपरी माझ्याकडं वळली. त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. त्या डोळ्यांत विनवणी होती का दटावणी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं कळत होतं की त्याच्याकडं एक वाक्य आहे: आम्ही दोघं शेडच्या बाहेर पडलोच नव्हतो. ते त्यानं उच्चारलं की माझी बावीस वर्षं भुईसपाट. आणि माझ्याकडं एक शब्द होता. मला कॅनॉलची कड आठवली, पेटीतला पासपोर्ट आठवला, आठ दिवसांची गाजरं आठवली.

"हळदच," मी म्हटलं.

हसण्याचा लोंढा त्याच्या अंगावर गेला. मी वाट बघत बसलो, आता बोलेल, आता सगळं उघडं करेल. मला वाटतं, त्यानं करावं असंच मला वाटत होतं. म्हणजे फिट्टंफाट झाली असती. त्यानं मोबाईल खिशात घातला, उठला आणि चहावाल्याला म्हणाला, "असंल. मला नीट दिसलं नसंल." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मळ्यात गेलो. भांडायलाच गेलो होतो, उगाच चांगुलपणा मिरवत नाही. हळद शिजवून झाली होती. पटांगणभर गड्डे वाळत पडले होते, काहिलीतून अजून वाफ निघत होती. तो लाकडी दाताळ्यानं हळद पसरत होता. मला बघूनही थांबला नाही.

"दोघंच जाऊ म्हणला हुतास," मी म्हटलं.

"म्हणलो हुतो."

"मग?"

"तुझ्यासंगं गेलो असतो तर मला काय दिसलं असतं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू बोलला असतास. मी व्हय म्हणलं असतं. घरी आलो असतो. बावीस वरसं व्हय म्हणतोय मर्दा. एकदा वाटलं, आपण कशाला व्हय म्हणतोय ते जाऊन बघावं."

"मग डोळ्याचं खोटं कशाला सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू आला असतास."

एवढ्या सरळ माणसानं आयुष्यात एकदाच थाप मारली, आणि ती माझ्यावर. मी त्याला काय काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. आभाळातून जाणारं विमान ते ऐकून वाकडं झालं असेल. त्याच्या हातातलं दाताळं चालूच. माझा श्वास संपला तेव्हा तो थांबला आणि कपाळ पुसलं.

"काल टपरीवर मी बोललो असतो तर?" तो म्हणाला.

"बोलायचं हुतंस."

"मग तुझं काय राहिलं असतं?"

  मी एका पोत्यावर बसलो. मग विचारलं, अगदी हळू, "आत शिरल्यावर काय वाटलं रं? पहिल्यांदा?"

तो विचार करत राहिला. खरं बोलणाऱ्या माणसाला वेळ लागतो.

"गप वाटलं," तो म्हणाला. "एवढी गर्दी, एवढी गाढवं, तांबटांच्या हातोड्यांचा एवढा आवाज, पर मला गप वाटलं. शेजारी कोण सांगत नव्हतं की हे काय हाय. लेक इचारत हुती, बाबा, दमलासा का. मी म्हणलं, न्हाई. संध्याकाळी टेकडीवर नेलं, जुन्या थडग्यांपाशी. सगळं शहर खाली. मी तिथं तास-दीड तास बसलो."

"माझी आठवण आली?"

"न्हाई आली," तो म्हणाला. "वाईट वाटलं त्याचं. पर न्हाई आली."

याच्यापेक्षा त्यानं डोक्यात दाताळं घातलं असतं तर बरं. मी पुढचं विचारायला तोंड उघडलं. टेकडीवरून काय काय दिसतं, वाट्या केवढ्या, पुदिन्यानं वास खरंच जातो का. शंभर प्रश्न होते. त्यानं हात वर केला.

"आता न्हाई सांगणार. आधी टपरीवर जाऊन सांग, ती कातड्याची कुंडं हायत म्हणून. माझं डोळं शाबूत हायत म्हणून. मग बस हितं, सगळं सांगतो."

"उद्याच सांगतो," मी म्हटलं.

त्या उद्याला आता सात महिने झाले. पाऊस येऊन गेला, नवी हळद हिरवीगार उभी आहे. टपरीवर मी रोज जातो. रोज मनाशी वाक्य जुळवतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "मेजर, पेवांचं होऊ द्या," आणि माझं तोंड मला न विचारता सुरू होतं. तो येत नाही. रस्त्यात भेटला तर थांबतो, गुडघ्याची चौकशी करतो, फेसचं अक्षर काढत नाही. सगळं शहर त्या माणसाच्या पोटात आहे आणि मला एक गल्ली मिळत नाही.

म्हणून हे लिहून छापायला देतोय. ती कातड्याची कुंडं आहेत. त्यात हळद नाही, माझ्या नावावर काही नाही, मी काठावर उभा नव्हतो. त्यानं पाहिलं ते सगळं खरं आहे. टपरीवरच्या एकाही माणसाला छापील मजकूर वाचायची सवय नाही, वर्तमानपत्रातसुद्धा ते भजी बांधून नेतात, या भरवशावरच मला एवढा धीर आला. मळ्यात दुपारी जेवण झाल्यावर चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचणारा आमच्यात एकच आहे.